पाचवं काज

१

अकरा कपडे घालून पाहून आणि त्यांतला एकही न आवडून भाची एकदाची ट्रायल रूमबाहेर आली आणि हात पुढे करून म्हणाली, “मावशी, माझा कोट दे.”

मावशीच्या मांडीवर दोन पिशव्या, एक छत्री आणि पाण्याची बाटली होती. कोट नव्हता.

“माझ्याकडे कुठाय? घालूनच आत गेली होतीस ना?”

भाची परत आत गेली. आत शोधण्यासारखं फार काही नव्हतंच. माणूस जेमतेम वळू शकेल एवढी फळ्यांची खोली, एक आरसा आणि आरशाशेजारी एकच खुंटी. खुंटीवर भाचीची झोळी लोंबत होती. तिने झोळी उचलून पाहिली, वाकून जमिनीवर पाहिलं, पडदा झटकला आणि बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडावर रंग नव्हता.

मावशीचं डोकं सकाळपासूनच तापलेलं होतं. सहा दिवसांच्या प्रवासातलं हे सतरावं दुकान. लोक ज्या गावाला डोंगर आणि तलाव बघायला येतात, तिथे ही पोरगी लोकांनी टाकलेले कपडे उचकत फिरणार आणि मावशीने गुडघे चोळत स्टुलावर बसायचं, असा सगळा प्रवास चालला होता. आज तर आधी समोरच्या बुटिकमध्ये तासभर आणि मग या जुन्या कपड्यांच्या दुकानात पाऊण तास. आणि एवढं करून आता हे.

“लक्ष कुठे असतं तुझं?” मावशी म्हणाली. प्रवासात हे वाक्य तिने किती वेळा म्हटलं होतं याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता.

एरवी भाचीने एकाला चार ऐकवली असती. आज तिने झोळी पुन्हा एकदा उलटीपालटी करून पाहिली. कारण कोट साधा नव्हता. गडद निळ्या लोकरी कापडाचा तो कोट भाचीच्या आईने, म्हणजे मावशीच्या सख्ख्या ताईने, शिवला होता. पाच बटणं लावून झाली, चार काजं झाली, पाचव्या काजाच्या जागी पांढऱ्या कच्च्या दोऱ्याने खूण केली आणि ताई दवाखान्यात गेली, ती घरी आलीच नाही. या गोष्टीला वर्ष झालं होतं.

त्या वर्षभरात मावशीने निदान वीसदा विचारलं असेल, “काज पुरं करून देऊ का गं?” भाचीने वीसदा नको म्हटलं. आईच्या हातचा तो शेवटचा दोरा होता, तो तिथेच राहणार. मावशीला हे कळायचं, सोसायचं मात्र नाही. तिने तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात शेवटच्या तपासणीच्या टेबलावर काढली होती. तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय एक शिवण फाटकाबाहेर पडायची नाही, म्हणून पोरी तिला मागून ‘भिंगबाई’ म्हणत. अर्धवट काज मिरवत फिरणारा कोट बघून या भिंगबाईचे हात सारखे शिवशिवायचे.

ताईने जाताना एकच सांगितलं होतं, पोरीकडे लक्ष ठेव. पाचला बस सुटणार होती. पुढच्या शहरात उद्या भाचीची नोकरी सुरू व्हायची होती आणि या गावी पुन्हा कधी येणं होईल याचा भरवसा नव्हता. भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजला होता.

२

दुकानदारीण काउंटरमागे बसून शब्दकोडं सोडवत होती. चष्मा साखळीने गळ्यात, आणि चेहऱ्यावर अशी शांतता की ती पाहूनच माणसाचं पित्त खवळावं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की दुकानात रोज कुणाचं ना कुणाचं काहीतरी हरवतं आणि बहुतेक वेळा ते त्याच्या अंगावरच असतं.

मग मात्र ती उठली. तिघींनी मिळून दुकान पालथं घातलं. तारेच्या हँगरांवर कपडे कसेही लोंबत होते. कुणाचा हूक इकडे, कुणाचा तिकडे, एक बाही वर तर एक खाली. लाल, पिवळी आणि हिरवी अशा तीन दांड्या. या दुकानात कपड्याला चिठ्ठी नसे, भाव दांडीवर असे. लाल दांडी स्वस्त, हिरवी महाग. दांडीवर जे टांगलं ते विकायचं, एवढा एकच नियम. मावशीने प्रत्येक दांडीवरचा प्रत्येक कपडा सरकवून पाहिला आणि जाता जाता वाकडे हँगर सरळ करत गेली. निळा कोट कुठेच नव्हता.

“या पाऊण तासात दुकानात कोण कोण होतं?” मावशीने विचारलं. तिचा आवाज आपोआप कारखान्यातला झाला होता.

दुकानदारणीने बोटांवर मोजलं. तुम्ही दोघी. कोपऱ्यातल्या मशीनवर रफूवाला, तो सव्वा वाजता जेवायला गेला. समोरची बुटिकवाली, ती आठवड्यातून एकदा येते आणि गठ्ठाभर माल घेऊन जाते. आणि पाठीवर मोठी सॅक घेतलेला एक प्रवासी.

“गठ्ठ्यात काय होतं?”

“ब्लाउज, रुमाल, असंच रंगीत. मी नग मोजते, उलगडत बसत नाही.” मग ती जरा थांबली. “सॅकवाल्याने मात्र कोट घेतला. निळाच होता, वाटतं. बसस्टँड कुठे म्हणून विचारत होता.”

भाची दाराबाहेर पडलीसुद्धा होती. मावशी पिशव्या आणि छत्री सावरत तिच्यामागे निघाली आणि चालता चालता डोक्यात तो पाऊण तास पुन्हा मांडू लागली. आपण पडद्याला लागून स्टुलावर. तोंड कोपऱ्यातल्या रफूवाल्याकडे. दुकानात शिरल्या शिरल्याच त्या माणसाने भाचीच्या कोटाकडे बघून विचारलं होतं, “खालचं काज राहिलंय, करून देऊ?” आणि भाचीने तोडून टाकल्यासारखं “नको” म्हटलं होतं. पुढे तो एका पँटला जाडजूड दोऱ्याने रफू करू लागला. ते काही मावशीला बघवेना. तिने दोऱ्यावरून विषय काढला आणि मग दोघांची चांगलीच जुंपली. आतून भाची “हे नको, हेही नको” करत पडद्यावरून कपडे बाहेर टाकत होती, मावशी ते घेऊन हँगरला लावत होती आणि तोंडाने रफूवाल्याला दोऱ्यांचे नंबर शिकवत होती.

म्हणजे पडद्याजवळ कुणी फिरकलं नव्हतं. आपण तिथेच तर बसलो होतो. मग कोट गेला कसा, हे काही मावशीच्या डोक्यात शिरेना.

३

सॅकवाला बसस्टँडवरच्या बाकावर केळं खात बसला होता. भाचीला धाप लागलेली, त्यामुळे बोलायचं काम मावशीवर आलं. तिने कोट दाखवा म्हटलं. त्याने का म्हणून विचारलं. मावशीने तो चोरीचा असल्याचं सांगितलं आणि आजूबाजूच्या चार डोक्यांनी वळून पाहिलं.

तो बिचारा सरळ माणूस होता. केळं बाजूला ठेवून त्याने सॅकचा पट्टा सोडला. आतून गडद निळी बाही बाहेर आली आणि भाचीने दोन्ही हातांनी ती ओढली. कोट उलगडला. निळा, लोकरी, पाच बटणांचा.

मावशीने कडेवरून अंगठा फिरवला. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचही काजं जागेवर होती आणि पाचही मशीनची होती.

“हा नाही,” ती म्हणाली. भाची बाकावर बसली आणि तिने तोंड दुसरीकडे वळवलं.

मावशीला त्या माणसाची माफी मागायला हवी होती. त्याऐवजी तिच्या तोंडून निघालं, “याचं तिसरं काज उसवतंय. एवढ्या भावाला नव्हता घ्यायचा.”

“मलाही दुसराच हवा होता,” सॅकवाला म्हणाला. “याच्याशेजारी अजून एक निळा होता. फार नीट टांगलेला, म्हणून आधी तोच दिसला. मी हात घालणार, तेवढ्यात एका बाईंनी उचलला. गळ्यात मापाची टेप होती त्यांच्या.”

मावशी उभी होती तिथेच राहिली. “कुठे टांगलेला होता म्हणालात?”

“दांडीवरच. हिरव्या.”

परतताना मावशी एवढ्या झपाट्याने चालली की भाचीला पळावं लागलं. गळ्यात टेप म्हणजे बुटिकवाली. तिला कोट दांडीवर मिळाला. पण ट्रायल रूममधला कोट आपल्या पायाने दांडीवर जाऊन लटकत नाही. चोराला चोरायचा असता तर त्याने काखोटीला मारून पोबारा केला असता, सगळ्यांसमोर टांगला कशाला असता? टांगला, कारण दुसऱ्याने तो उजळ माथ्याने विकत घ्यावा. म्हणजे यात दोघं होते. एकाने टांगायचा, दुसरीने घ्यायचा.

टांगणाऱ्याला त्या पाऊण तासात दुकानात असायला हवं होतं, आणि कोट मनात भरलेला असायला हवा होता. असा माणूस एकच होता, आणि मावशीने त्याच्याशी भांडण्यात सगळा वेळ घालवला होता. त्याने मुद्दामच वाद वाढवला असेल, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

४

रफूवाला जेवून परत आला होता आणि त्याच पँटवर त्याच जाड दोऱ्याने काम करत होता. मावशी काही न बोलता त्याच्या मशीनसमोर जाऊन उभी राहिली. त्याने वर पाहिलं.

“पुन्हा दोरा?” तो म्हणाला.

“हो, दोराच.” मावशीने वाकून त्याच्या कोपराजवळ चिकटलेला एक तुकडा दोन बोटांनी उचलला आणि उजेडाकडे धरला. बोटभर लांबीचा पांढरा सुती दोरा. ठराविक अंतरावर वाकलेला, पुष्कळ दिवस कापडात राहिलेला दोरा वाकतो तसा. आणि रफूवाल्याच्या मशीनवर मघापासून फक्त काळी आणि तपकिरी रिळं होती.

भाचीने तो दोरा पाहिला मात्र, तिच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. तो दोरा तिने वर्षभर रोज पाहिला होता.

“हा कच्चा दोरा आहे,” मावशी म्हणाली. “काज करायच्या आधी काढतात तो. तुम्ही आज निळ्या कोटाचं काज केलंत.”

रफूवाल्याने सुई पँटमध्ये टोचून ठेवली. नाही म्हणायचा त्याने प्रयत्नसुद्धा केला नाही. जेवायला जाताना समोरच्या बाईंनी हाक मारली, एक काज राहिलंय तेवढं करून जा म्हणाल्या, मी केलं, असं त्याने सरळ सांगितलं. चांगलं रेशीम वापरलं, हेही सांगायला तो विसरला नाही.

“कापलंत?” भाचीने विचारलं. आवाज एवढा बारीक की दुकानदारणीने शब्दकोड्यातून मान वर केली.

“काज कापल्याशिवाय कसं होणार, ताई?”

भाची मागच्या दांडीला टेकली. चार तारेचे हँगर खाली पडले आणि नेहमीप्रमाणे मावशीचे हात ते उचलायला गेले. तिने ते मागे घेतले. संतापाने तिला घाम फुटला होता. वीस वेळा परवानगी मागूनही जे आपण केलं नाही, ते या माणसाने कुणालाही न विचारता जेवणाच्या सुट्टीत उरकून टाकलं होतं. तिने त्याला नको नको ते ऐकवलं. साटंलोटं, संगनमत, पोलीस, सगळे शब्द वापरून झाले. “मघाशी तुमची नजर होतीच त्या कोटावर. आमची पाठ फिरली, तुम्ही तो दांडीवर नेऊन टांगलात आणि तिला खूण केलीत.”

रफूवाला शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, “मला वाटलं, तुम्ही कोट विकलात. या दुकानात लोक घेतात तसे विकूनही जातात. प्रवासातलं ओझं कमी करतात. काज केलं ते मी केलं. पण दांडीवर टांगला तो मी नाही.”

“मग कुणी?”

त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं, भाचीकडे पाहिलं आणि मिटलं.

“ते तुम्ही समोरच विचारा, बाई,” तो म्हणाला आणि पुन्हा पँट हातात घेतली.

मावशीने तो दोरा पुरावा म्हणून चष्म्याच्या डबीत ठेवला. बाहेर येईपर्यंत तिची खात्रीच झाली की हा माणूस कुणाला तरी पाठीशी घालतोय.

५

कोट बुटिकच्या काचेत उभा होता. पुतळ्याच्या अंगावर, पाचही बटणं लावलेला, आणि कॉलरला अशी किंमत लटकवलेली की हिरव्या दांडीने लाजून मान खाली घालावी.

बुटिकवाली आरशाजवळ परकर मापत होती. सकाळी हिच्याच दुकानात मावशी तासभर ताटकळली होती, आणि हिनेच “मावशी, कपड्यांना हात लावू नका ना,” म्हणून तिला चारचौघांत टोकलं होतं. तो राग आता हाताशी होता. कोट चोरीचा आहे, रफूवाल्याने सगळं कबूल केलंय, मुकाट्याने उतरवा, असं मावशीने एका दमात सुनावलं.

“सगळं म्हणजे काय?” बुटिकवालीने विचारलं.

मावशीने काचेतल्या कोटाकडे बोट रोखलं.

बुटिकवालीने टेप गुंडाळली. सकाळी भाचीच्या अंगावर कोट पाहिला होता, ते ती नाकारत नव्हती. तोच दुपारी समोरच्या दांडीवर दिसला, तेव्हा वाटलं की पोरीला कंटाळा आला आणि तिने विकला. रोज बघते मी, म्हणाली, एक विकायचा आणि दुसरा घ्यायचा. रीतसर पैसे देऊन आणला. चोरायची गरज काय होती?

“तो दांडीवर आणला कुणी? कुठे होता तो, कसा होता, सगळं सांगा,” मावशी म्हणाली. कारखान्यात एखाद्या पोरीला कोंडीत पकडायचं तर ती बारीकसारीक विचारत जायची. खोटं बोलणारा बारकाव्यात अडकतो, हा तिचा अनुभव होता.

बुटिकवाली मात्र न अडखळता सांगत गेली. “पडद्याजवळच्या टोकाला होता. हँगरचा हूक भिंतीकडे वळवलेला. वरचं एकच बटण लावलेलं. आणि दोन्ही बाह्या खिशात खोचून ठेवलेल्या. त्या दुकानात असं कधी कुणी टांगत नाही. सगळा पसारा असतो. म्हणून तर माझी नजर गेली.”

मावशी पुढचा प्रश्न विचारणार होती. पण तिची नजर बुटिकवालीच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे गेली आणि प्रश्न तिथेच राहिला.

भिंतीवर सात जाकिटं ओळीने टांगली होती. सातांचे हूक भिंतीकडे. सातांचं वरचं एकेक बटण लावलेलं. सातांच्या बाह्या खिशात खोचलेल्या. सकाळी भाची आत कपडे घालून बघत असताना कंटाळलेल्या मावशीने ती एकेक करून नीट केली होती, आणि त्यावरूनच तर टोकून घेतलं होतं.

हूक आत, बटण वर, बाह्या खिशात. तीस वर्षं. आलेल्या प्रत्येक नव्या पोरीला तिने पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं, तोंड कुठेही असू दे, हात चुकता कामा नयेत.

ट्रायल रूममध्ये खुंटी एकच होती. भाचीने आत जाऊन आधी कोटच तिथे अडकवला असणार. मग बघायचे कपडे त्याच्यावर. पहिला ढीग नको झाला तेव्हा तिने खुंटीवरचं सगळं एकदम उचललं आणि पडद्यावरून बाहेर दिलं. कोटसुद्धा. आणि ती कोट काढते तेव्हा बाह्या उलट्या ओढते, म्हणजे वर दिसलं असेल ते अस्तर, कुठल्याही जुन्या कोटाचं असतं तसं करडं. पडद्याच्या अलीकडे बसलेलं माणूस एकच होतं. त्या माणसाने रफूवाल्याला दोऱ्यांचे नंबर सुनावत, न बघता, कोट सुलटा केला, हँगरला लावला, बटण लावलं, बाह्या खोचल्या आणि हात लांब करून हिरव्या दांडीवर अडकवून दिला.

रफूवाल्याने हे सगळं समोर बसून पाहिलं होतं. पाठीशी घातलं होतं ते त्याने तिलाच.

६

तोंड बंद ठेवलं असतं तरी चाललं असतं. रफूवाला बोलला नव्हता, बुटिकवालीला ठाऊक नव्हतं. कोट समोर होता, पैसे देऊन सोडवता आला असता आणि बसमध्ये बसल्यावर दोन दिवसांत सगळं मागे पडलं असतं. मावशीने हा विचार केला नाही असं नाही. चांगला सावकाश केला.

तेवढ्यात भाची बुटिकवालीला म्हणाली, “तुमची काही चूक नाही. मावशी चिडलीये म्हणून बोलतेय. चूक माझी आहे. माझं कशातच लक्ष नसतं.” तिने बाहीने नाक पुसलं. “आईने एक वस्तू दिली होती, तीही मला सांभाळता आली नाही.”

मावशीला हे ऐकवेना. सहा दिवस, सतरा दुकानं, हे वाक्य तिनेच तर पोरीच्या डोक्यात ठोकून ठोकून बसवलं होतं.

“बबडे,” ती म्हणाली, “कोट मी टांगला.”

भाचीला काही कळलं नाही. मावशीने तिला भिंतीवरची सात जाकिटं दाखवली, हूक दाखवले, बाह्या दाखवल्या. एकच खुंटी कशी होती ते सांगितलं, उलट्या अस्तराचं सांगितलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका जशा मांडल्या तशीच, एकही टाका न गाळता, तिने आपली चूक मांडली. सांगून झाल्यावर म्हणाली, “तू दिलास माझ्या हातात. लक्ष माझं नव्हतं.”

बुटिकवाली काचेत चढली, पुतळ्याच्या अंगावरून कोट उतरवला, कॉलरची किंमत कात्रीने कापून खिशात टाकली. हिरव्या दांडीला दिले तेवढे द्या, म्हणाली, काजाची मजुरी राहू दे. कोट भाचीच्या हातात देताना तिने सात जाकिटांकडे बघितलं. “आणि ती मी सोडवली नाहीत अजून. बरी दिसतात.”

बसस्टँडपर्यंत भाची पुढे आणि मावशी मागे, अशा दोघी चालल्या. वाटेत मावशी एकदा उलट वळून जुन्या कपड्यांच्या दुकानात गेली आणि रफूवाल्यासमोर उभी राहून सॉरी म्हणाली. त्याने मान हलवली. जाड दोरा मात्र बदलला नव्हता, आणि या वेळी मावशीने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

बस सुटली तेव्हा भाची खिडकीशी बसून खालच्या काजावरून अंगठा फिरवत होती. पांढरी खूण होती तिथे आता निळं रेशीम होतं, दाट आणि सरळ. ताईची वरची चार काजं त्याच्यापुढे किंचित वाकडी दिसत होती. वाकडी ती होतीच. कारखान्यात आली असती तर मावशीने कोट परत पाठवला असता.

“कसं झालंय?” भाचीने विचारलं. तिकडे न बघता.

“चांगलं झालंय. ताईपेक्षा चांगलं,” ती म्हणाली. खोटं तिला या बाबतीत येतच नव्हतं.

“मला नकोय ते,” भाची म्हणाली. “मला तो दोराच हवा होता.”

“मलाही.”

मावशीने पिशवीतून चष्म्याची डबी काढली. पुरावा म्हणून ठेवलेला दोरा आत चष्म्याखाली होता, जागोजाग वाकलेला. भाचीने तो तळहातावर घेऊन पुष्कळ वेळ पाहिला, मग कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि खिसा वरून दाबला.

“सहा दिवस तू मला बोललीस,” ती म्हणाली.

“हो.”

“आता पुढचे सहा महिने मी बोलणार.”

“बोल.”

उन्हं खिडकीतून आत आली, बसमध्ये उकडू लागलं. भाचीने बसल्या बसल्या कोट काढला. नेहमीसारखा ओढून, बाह्या उलट्या करून, करडं अस्तर वर. समोरच्या सीटमागे कोट अडकवायची एक चांगली खुंटी होती. भाचीने तिच्याकडे पाहिलं, मग मावशीकडे पाहिलं आणि कोट तिच्या पुढ्यात धरला.

“धर.”

मावशीने धरला. बाही सुलटी करायला, वरचं बटण लावायला तिची बोटं लगेच हलली. तिने ती आवळून घेतली आणि कोट तसाच, उलटाच, दोन्ही हातांनी मांडीवर धरून ठेवला. भाची झोपली, दोन गावं मागे पडली, मावशीचे हात अवघडले. तिने ते सोडवले नाहीत.